जुन्या घरांच्या दुरुस्तीची पुस्तिका महापालिका कधी काढणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र उलटले की गिरगाव, माझगाव, दादर, वांद्रे इथल्या जुन्या वस्त्यांत परांच्या चढू लागतात. चार महिने पाऊस प्यालेल्या भिंतींवर दिवाळीच्या आत पुट्टी, प्रायमर आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात बसतात. होळीपर्यंत त्याच भिंतीला फुगे येतात आणि पापुद्रे गळू लागतात. रंगारी म्हणतो भिंत खराब, घरमालक म्हणतो रंग खराब. भिंत चुन्याची आहे आणि तिचा श्वास कोंडला आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

सांगायचे कोणी, हाच या पत्राचा विषय आहे. मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ साली आली, तेव्हा तिचा क्रमांक ६७ होता. शहरातल्या बांधकामांचे आजचे नियम असलेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ मध्ये ती ५२ क्रमांकावर आहे. वारसा यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, गिलावा, इतकेच काय रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करायचे नाही, असे तीत म्हटले आहे. यादीतल्या इमारतींच्या श्रेणी पाडल्या आहेत: श्रेणी एकमध्ये आत-बाहेर हात लावायचा तो फक्त बळकटीसाठी. दोन-अ आणि दोन-ब मध्ये आतले बदल बहुतेक चालतात, बाहेरच्या दर्शनी भागावर मात्र नजर असते. श्रेणी तीनमध्ये आतले-बाहेरचे दोन्ही बदल सर्वसाधारणपणे मान्य होतात, परिसराशी सुसंगत असले म्हणजे झाले. आता ‘सुसंगत’ म्हणजे नेमके काय, हे गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या किंवा माझगावच्या माथारपाखाडीतल्या माणसाने कुठे वाचायचे?

गंमत अशी की, याची तरतूद कागदावर आहे. मुंबई वारसा संवर्धन समितीच्या नेमून दिलेल्या कामांतच परिसरनिहाय मार्गदर्शक सूचना तयार करणे, सूचीतल्या इमारतींसाठी विशेष आराखडे व प्रकाशने काढणे, विशिष्ट प्रकारच्या सज्जांसारखी दर्शनी वैशिष्ट्ये राखण्याकडे लक्ष देणे आणि जुने रूप शक्य तितके कायम ठेवून बदली सामान कोणते वापरावे हे सुचवणे, असे सगळे लिहिलेले आहे. म्हणजे मागणी नवी नाही. घरमालकाच्या हातात देता येईल अशी, मराठीत, चित्रांसह, प्रत्येक वाडी-गावठाणासाठी एक पुस्तिका हवी, इतकेच. २०१२ मध्ये नवी प्रस्तावित यादी जाहीर झाली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी विरोध केला, त्यामागे पुनर्विकासाचा हिशोब होताच. पण ‘उद्या खिडकीची काच फुटली तर कुणाच्या दारात उभे राहायचे’ ही भीतीही होती. पुस्तिका असती तर निदान ही दुसरी भीती निघाली असती.

आणि यादीबाहेरच्या जुन्या घरांचे काय? महापालिका कायद्याच्या कलम ३४२ प्रमाणे किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही: गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ-मोऱ्या दुरुस्त करणे, त्याच मालाने छप्पर बदलणे. जुन्या घराची खरी खराबी नेमकी याच बिनपरवानगीच्या कामांत होते. सगळे कायदेशीर, सगळे चांगल्या हेतूने. म्हणून पुस्तिकेत काय असावे, याचा थोडा तपशील देतो.

सुरुवात भिंतीपासून. शंभर वर्षांच्या घरात नऊ इंची किंवा दीड विटेची भिंत चुन्यात बांधलेली असते. वीट मऊ, चुना तिच्याहून मऊ. पावसाचे पाणी आत शिरते आणि उन्हाळ्यात चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जाते. भिंत कोरडी राहते ती पाणी शिरत नाही म्हणून नव्हे, शिरलेले बाहेर पडते म्हणून. तिच्यावर एकास चार सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी गिलाव्याच्या मागे साठते, विटेतले क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पृष्ठभाग पीठ होऊन सुटतो. चार-पाच वर्षांनी गिलावा वाजवून पाहिला तर पोकळ वाजतो. काढला तर त्याच्याबरोबर अर्धा इंच वीटही येते. मग कंत्राटदार सांगतो, भिंत कुजली होती, बरे झाले सिमेंट केले.

चुन्याचा गिलावा करायचा तर आधी ओलीचे कारण शोधा. बहुतेक वेळा ते तीनपैकी एक असते: फुटलेली पन्हळ, भिंतीत गाडलेला नळ, किंवा बाहेरची जमीन. या शेवटच्या कारणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. गल्लीचे पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट दर वेळी जुन्यावर नवे असे चढत गेले, की घराचे जोते जमिनीत बुडते आणि जोत्यातल्या हवेच्या जाळ्या बंद होतात. आत कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी खालून पाणी चढत राहते. भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीचा पट्टा जुन्या पातळीपर्यंत मोकळा करून त्यात खडी भरणे आणि पाणी गटारापर्यंत वाहील असा उतार देणे, हे स्वस्तात होणारे काम आहे. पण रस्ता आपला नसतो. पुस्तिका छापाल तेव्हा तिची एक प्रत वॉर्डाच्या रस्ते विभागाच्या टेबलावरही ठेवा.

कारण मिटल्यावर ओलीच्या सर्वांत वरच्या खुणेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत जुना गिलावा काढायचा, सांधे पाऊण ते एक इंच खरवडायचे, विटा ब्रशने झाडून पाण्याने भिजवायच्या. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी) भिजवून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरलेला चुना घ्यावा. पोत्यातली जुनी, हवा लागलेली पावडर नको, ती आधीच मेलेली असते. आपल्या दमट हवेत नुसता चुना फार सावकाश धरतो, म्हणून खालच्या थरांत सुरखी, म्हणजे विटेची पूड, घालतात: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, बारीक दळलेली हवी. रेती खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नये, नाहीतर मीठ आपणच भिंतीत भरतो. एक थर तीन ते चार सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड नको. प्रत्येक थर किंचित कडक झाला की थापीने पुन्हा दाबून घ्यायचा, म्हणजे आक्रसल्याच्या भेगा मिटतात. ऑक्टोबरच्या उन्हात ओले गोणपाट लावून आठ-दहा दिवस तरी ओलावा टिकवायचा. गिलावा तडकला की मिस्त्री ‘चुना धरत नाही’ म्हणतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा गोणपाट लावलेले नसते.

‘मग चुन्यात थोडे सिमेंट घालू, लवकर धरेल,’ असा एक मधला मार्ग सर्रास सुचवला जातो. घालू नका. थोडे सिमेंट चुन्याची ताकद वाढवत नाही आणि क्षार मात्र आणते. लवकर धरायला सुरखी पुरेशी आहे. गूळ, मेथी, बेलफळ, उडीद यांच्याबद्दलही हल्ली फार उत्साह दिसतो. या गोष्टी परंपरेत आहेत हे खरे, पण प्रमाण माहीत नसताना बादलीभर गूळ ओतणे म्हणजे मुंग्यांना आवतण. आधी एक फूट बाय एक फूट नमुना करा, महिनाभर पाहा.

रंगही चुन्याचाच. गाळलेला चुना दुधाइतका पातळ, भिंत आधी किंचित ओली, आणि एका दिवसाच्या अंतराने चार-पाच हात. लावताना तो पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. ही गोष्ट माहीत नसलेला रंगारी पहिल्याच हाताला घट्ट चुना फासतो. तोच पुढे हाताला लागतो आणि पापुद्रे सोडतो. पिवडी, गेरू, नीळ चालतात, पण रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावे. प्लास्टिक पेंटवर चुना बसत नाही, आधीचा थर काढावाच लागतो. तो काढताना आणि विशेषतः जुन्या दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट काढताना कोरडे घासू नका: जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. ओले करून खरवडा, चुरा गोळा करा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता लाकूड. गिरगावातल्या वाड्यांची आणि चाळींची अनेक घरे म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांचे भरण. सागवान आपणहून सहसा मरत नाही, त्याला मारावे लागते, आणि मारण्याच्या दोन जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा खांबाचे बूड. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तो मुळात लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावे म्हणून. जुन्या फरशीवरच नवी फरशी घातली की जमीन दोन-तीन इंच वर येते, तळखडा गाडला जातो आणि रोजच्या फरशी पुसण्याचे पाणी खांबाच्या बुडाशी जाऊन बसते. दहा-बारा वर्षांत बूड स्पंज होते, वरून मात्र खांब रंगवलेला, ठणठणीत. दुसरी जागा म्हणजे मोरीलगतच्या भिंतीत शिरलेली तुळयांची आणि कडीपाटाच्या (कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या मजल्याच्या) कड्यांची टोके. पेचकस घेऊन दर पावसाळ्यानंतर या दोन जागा टोचून पाहाव्यात. टोक सहज अर्धा इंच आत गेले तर इंजिनिअर बोलवायची वेळ झाली आहे. वाजवूनही पाहावे, चांगले लाकूड खणखणीत वाजते.

खांबाचे बूड गेले म्हणून अख्खा खांब काढून लोखंडी चॅनल उभा करायची गरज नसते. कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जातीच्या, वाळलेल्या जुन्या सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट असावी, लाकडाची रेषा वरच्या खांबाशी जुळवावी. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत: साधे लोखंड समुद्राच्या हवेत गंजते आणि सागवानालाही काळे करते. पाडलेल्या इमारतींचे सागवान बाजारात मिळते. नवे ओले लाकूड लावले तर ते आक्रसून सांधा सैल करते.

कापण्याआधी टेकू. इथे होणारी चूक जिवावर बेतते. दुसऱ्या मजल्याची तुळई धरायला पहिल्या मजल्याच्या फळ्यांवर टेकू लावतात आणि त्या फळ्यांखाली काहीच नसते. टेकू वरपासून जमिनीपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकाच ओळीत हवेत, खाली जाड फळी, वर फळी. जॅक लावला तर तो भार घेईपर्यंतच फिरवायचा. पन्नास वर्षांत दोन इंच खचलेली तुळई एका दुपारी सरळ करायला गेलात, तर वरच्या खोलीच्या भिंतीला तडा ठरलेला.

मोरीचे सांगायलाच हवे. सार्वजनिक संडास घरात आणण्याची इच्छा अगदी रास्त आहे, तिला नाक मुरडणाऱ्या वारसाप्रेमींनी आधी चाळीत महिनाभर राहून पाहावे. पण लाकडी मजल्यावर चार फूट बाय पाच फुटांच्या मोरीत सहा इंच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घातला की अर्ध्या टनाहून जास्त कायमचे वजन तिथे बसते, त्यावर टाइल्स, पाण्याचे पिंप आणि माणसे. कोबा ओला झाला की आणखी जड. त्याऐवजी पातळ मेंब्रेनचे (पाणी अडवणाऱ्या पडद्याचे) वॉटरप्रूफिंग किंवा एकसंध ट्रे वापरावा, मोरी मधल्या गाळ्यात न ठेवता मागच्या भिंतीलगत घ्यावी, आणि सगळे पाइप मागच्या बाजूला उघडे ठेवावेत. उघडा पाइप गळला तर त्याच दिवशी दिसतो. गाडलेला पाइप गळला तर तुळईचे टोक गेल्यावर कळते.

छपराचे थोडक्यात. मंगळूरी कौले चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि रिपा, म्हणजे कौले टेकवायच्या लाकडी पट्ट्या, सुमारे बत्तीस सेंटिमीटरवर असतात, पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असे नाही. म्हणून बदली कौल आणताना जुने एक कौल सोबत न्या, खाच बसवून पाहा, आणि जास्तीची चाळीस-पन्नास घेऊन ठेवा. कौले काढताना चांगली बाजूला लावा, बोटाने वाजवून फुटकी तेवढी टाका. निळी ताडपत्री हा एका पावसाळ्याचा उपाय आहे. ती वर्षानुवर्षे तशीच राहिली की खालचे वासे वाळतच नाहीत. पत्रा घालायचा मोह होतो, पण कौलांच्या फटींतून वाहणारी हवा बंद झाली की माळ्यावर मे महिन्यात भट्टी होते आणि घरात नवा एसी येतो.

एसीचा बाहेरचा खोका तीस-चाळीस किलोचा असतो. चुन्याच्या भिंतीत फुगणारा अँकर बोल्ट ठोकला तर वीट फुटते, आणि टपकणारे पाणी खालच्या कंगोऱ्यावर शेवाळ आणते. खोका मागच्या बाजूला किंवा सज्जाच्या जमिनीवर कठड्याआड ठेवावा, पाण्याची नळी पन्हळीच्या पाइपात सोडावी. खिडक्यांबाबत एकच हिशोब: सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची सहसा निम्मीच जागा उघडते, जुनी बिजागरीची लाकडी झडप पूर्ण उघडते आणि तिच्या पट्ट्या पावसातही वारा देतात. एखादी पट्टी मोडली तर सुतार ती एका दिवसात बदलतो. सरकत्या खिडकीचे चाक गेले तर त्या बनावटीचे चाक पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. बाहेर काढलेली पिंजऱ्याची ग्रिल मात्र सज्जाच्या कठड्याला कधीच बांधू नये. त्यात पुढे कुंड्या आणि सिलिंडर येतात, आणि सज्जाच्या लाकडी ब्रॅकेटने ते वजन धरायचे ठरलेले नव्हते.

हे सगळे ऐकून भाडेकरू विचारेल, खर्च कोणी करायचा? प्रश्न बरोबर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे दुरुस्ती मालकाची जबाबदारी, आणि नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिन्याचे भाडे दोनशे रुपये असेल तर वर्षाला सहाशे. त्यात परांचीच्या बांबूंचे भाडेही सुटत नाही. हा गुंता पुस्तिकेने सुटणार नाही. तरी पैसे जे काही जमतील ते चुकीच्या गिलाव्यात जाऊ नयेत, एवढे ती नक्की करू शकते.

मुंबईत असे काम झालेले आहे. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या दुकानांच्या पाट्यांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे आखली गेली: पाटी कमानीच्या चौकटीत, खांब आणि कोरीवकाम न झाकता. त्या प्रकल्पाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. फोर्टातल्या दुकानदाराला पाटी कुठे लावायची हे चित्र काढून दाखवता आले, तर वाडीतल्या बाईला मोरी कुठे घ्यायची हेही दाखवता येईल. समितीने आणि महापालिकेने एका परिसरापासून सुरुवात करावी. त्या परिसरातल्या कठड्यांचे, झडपांचे, वळचणीचे मोजून काढलेले नकाशे, गिलाव्याची प्रमाणे आणि चालणारे-न चालणारे बदल छापावेत. पुस्तिकेतल्या तपशिलाप्रमाणेच काम असेल तर आधीचे फोटो आणि एका पानाचा अर्ज घेऊन वॉर्ड कार्यालयानेच ठरावीक मुदतीत लेखी परवानगी द्यावी. त्याहून वेगळे असेल तरच ते समितीपुढे जावे. घर यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे पाहण्याची सोयही त्याच खिडकीवर असावी.

तोपर्यंत, यंदा ज्यांच्याकडे रंगकाम निघाले आहे त्यांनी रंगाऱ्याला हो म्हणण्याआधी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावे. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर दिवाळीला तोरण लावा, आकाशकंदील लावा आणि रंगकाम फेब्रुवारीत हाती घ्या.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे काही वास्तुविशारद, अभियंते व कारागीर
गिरगाव, मुंबई